पटावरची नावं

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्या आणि दोनच वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नव्हतं. परदेशातली भाची म्हणाली, "मावशी, तिथे भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा माझ्याकडे ये." बाई आल्या. भाची-जावई सकाळी कामाला गेले की घर खायला उठायचं. भिंती इथेही होत्याच. महिनाभरात बाईंनी एक संस्था हुडकून काढली. देशोदेशींहून पोटासाठी आलेल्या बायकांना फुकट इंग्रजी शिकवायचं काम.

कपडे धुण्याच्या कारखान्यामागे एक खोली होती. घडीच्या खुर्च्या, चाकांचा फळा, खिडकीतून येणारा साबणाच्या वाफेचा वास. अकरा बायका. एकीची भाषा दुसरीला कळायची नाही, सगळा कारभार मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बाईंनी शिकवलेला पहिला शब्द मात्र इंग्रजी नव्हता, 'बाई' होता. मॅडम म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

शिस्त कडक. मधेच उठायचं असेल तर उभं राहून पूर्ण वाक्यात विचारायचं, "बाई, मी जाऊ का?" बाई "जा" म्हणाल्यावरच पाय उचलायचा. चाळिशीच्या बायका खुसखुसत का होईना, पाळायच्या.

संस्थेच्या व्यवस्थापकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नुसती डोकी मोजा. नावं लिहू नका. काहींच्या कागदपत्रांचा घोळ असतो."

"डोकी मोजायला ती काय मेंढरं आहेत?" बाई घरी येऊन फणफणल्या. "हजेरीचा पट नाही तो वर्ग कसला?"

जावई हसला. "मावशी, इथे कुणी साहेब तपासणीला यायचा नाही."

"येऊ दे की! माझा पट कधी अपुरा सापडलेला नाही."

त्यांनी पट केला. खाकी कव्हर, लाल शाईच्या रेघा. नाव, जन्मतारीख, पत्ता, कामाचं ठिकाण.

एकटी इस्त्रीवाली म्हणाली, "बाई, माझं नाव नको." त्याच कारखान्यात ती दहा-दहा तास उभी असायची, उजव्या हातावर भाजल्याचे डाग. तिचा या देशात राहायचा परवाना संपून वर्ष झालं होतं. इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास झाली तर नव्यासाठी अर्ज करता येणार होता. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते.

"अगं, माझ्या पिशवीत राहतो तो. मी काय दवंडी पिटणार आहे?"

इस्त्रीवालीनं विश्वास ठेवला.

पुढच्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर दोघं जण आले. एक तरुणी, एक पुरुष. कडक शर्ट, गळ्यात बिल्ले, बोलणं एकदम मऊ. "वर्ग छान चालतो म्हणे. बायका नियमित येतात का?"

बाईंच्या अंगात चौतीस वर्षं संचारली. त्यांनी खुर्च्या पुसल्या, पाणी दिलं आणि पट उघडून पुढं ठेवला. पुरुषानं फोनवर पानापानाचा फोटो काढला. बाईंना वाटलं, वरिष्ठांना दाखवायला असेल. सावली पडत होती म्हणून त्यांनीच पट खिडकीकडे सरकवला.

"फार व्यवस्थित काम आहे," पाहुणे म्हणाले.

"शेरा काय मिळाला ठाऊक आहे का?" घरात पाऊल टाकताच बाईंनी भाचीला सांगायला घेतलं. ऐकता ऐकता भाचीचा चेहरा उतरला.

"मावशी, बिल्ल्यावर काय लिहिलं होतं?"

"साहेबाचा बिल्ला कोण वाचतं गं?"

"ते परवाना खात्याचे असणार! आणि तू त्यांना पत्ते दिलेस?"

बाईंनी लगेच व्यवस्थापकाला फोन लावला. त्यानं एकेकीला कळवलं. बऱ्याच जणींनी रातोरात खोल्या सोडल्या. इस्त्रीवाली मात्र पाळीवर होती, फोन कारखान्याच्या कपाटात बंद. तिला इस्त्रीच्या टेबलावरूनच उचललं.

गुरुवारी वर्गाला कुणी आलं नाही. दारात फक्त वर्गातली सुईवाली उभी, शिवणकाम करणारी, इस्त्रीवालीच्याच खोलीत राहणारी. तिची कागदपत्रं चोख होती.

"बाई, सगळ्या म्हणतात मीच चुगली केली. गेल्या महिन्यात भाड्यावरून भांडलो होतो ना आम्ही. खोलीतल्या बाकीच्यांनी मला बाहेर काढलं. तीसुद्धा कोठडीतून फोनवर तेच सांगते."

बाईंनी पिशवीतला पट आणखी खाली दडपला. मग त्यांनी विचारलं, "तिथे भेटू देतात का?"

भेटू देत होते. दहा मिनिटं, मधे काच, दोन्हीकडे फोन. बाईंना बघून इस्त्रीवालीचा चेहरा उजळला.

"बाई, परीक्षा चुकणार. पण मला सगळं पाठ आहे." मग आवाज खाली आला. "सुईवालीनं घात केला माझा. एका ताटात जेवलो होतो आम्ही."

बाईंनी फोन या कानाचा त्या कानाला नेला. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. चार दिवसांत हिला विमानात बसवणार. कुणाला कळायचं नव्हतं.

"ती नाही गं," बाई म्हणाल्या. "मी. मी त्यांना पट दाखवला."

"त्यांनी मागितला?"

"मागितलासुद्धा नव्हता."

इस्त्रीवाली काचेतून बघत राहिली. मग खुर्ची मागे सारून वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. फोन कानाला होता.

"बाई," ती पूर्ण वाक्यात म्हणाली, "मी जाऊ का?"

बाईंचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. पलीकडे पहारेकऱ्यानं दार उघडून धरलं, घड्याळावर बोट आपटलं. इस्त्रीवाली तशीच उभी होती, बाईंच्या तोंडाकडे बघत.