पैसे देऊन शेतात मुक्काम

मी शिकवायचे त्या शाळेतले विज्ञानाचे सर पक्षीवेडे होते. जिंतूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याला लागून त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं बिऱ्हाड नि गोठा. त्या शेतकऱ्याला नादी लावून सरांनी तिथं तीन खोप्या उभ्या करवल्या. तुराट्यांचे कूड, वर कडबा, खाली शेणाचं सारवण. वीज नाही, रेडिओ न्यायचा नाही, पाण्यात साबण लावायचा नाही, आणि कुणी प्लॅस्टिकची पिशवी टाकली तर सर ती उचलून ज्याची त्याच्या हातात देणार. हल्ली असल्या जागांना मोठमोठी नावं असतात आणि त्याहून मोठे दर. तेव्हा सर एवढंच म्हणायचे, "दोन दिवस निसर्गात राहून या."

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच महिन्यात त्यांनी मलाही विचारलं. मी लगेच हो म्हणाले. उभ्या जन्मात मी सुट्टीला म्हणून कुठं गेलेच नव्हते. सुट्टीत जायचं ते मामाकडे, आणि मामाकडे जायचं ते कापूस वेचायला.

घरी येऊन मायला सांगितलं. परभणीत भाड्याच्या खोलीत आम्ही दोघीच राहत होतो, वडील मी लहान असतानाच गेलेले.

"शेतात राह्याचे पैसे द्यायचे?" मायनं विचारलं.

"हो."

"आमी तर फुकट राह्यलोत की. तीन रात्री."

ती बोलत होती ती नामांतराच्या दंगलीबद्दल. मी बारा वर्षांची होते. आमच्या वस्तीत घरं पेटली तेव्हा मायनं माझा हात धरून मला कमरेएवढ्या जवारीत नेलं. तीन रात्री आम्ही चिखलात बसून काढल्या. गावात परत आलो ते जळकं छप्पर बघायला, आणि पुढच्या महिन्यात परभणी गाठली.

तेव्हापासून मायचं एक बोचकं दाराशी असायचं. त्यात रेशन कार्ड, एक लुगडं, मेणकापडात गुंडाळलेली काड्याची पेटी, पुढं पुढं माझी सगळी सर्टिफिकेटं, आणि रोज रात्री दोन ताज्या भाकरी. सकाळी त्या भाकरी बाहेर निघायच्या, म्हणून आमच्याकडे रोज न्याहारीला भाकरीचे कुटके. पंधरा वर्षं मी कुटके खाल्ले. आणि माय झोपायची ती दाराला पाठ लावून, बसल्या बसल्या. मला तिची दया येण्याऐवजी राग यायचा, हे कबूल करते. मी मुळात चिडकी. मास्तरीण झाले, पगार आणते, तरी ही बाई आडवी होऊन झोपत नाही म्हणजे काय! म्हणून तिलाही सोबत चल म्हणाले, त्यात पक्ष्यांचा काही संबंध नव्हता. तिनं एक रात्र शेतात आडवी होऊन झोपावी, एवढंच मला हवं होतं.

ती आली. बोचकं घेऊन आली. एसटीत मांडीवर, आखाड्याच्या पायवाटेवर काखेत. पोचल्यावर तिनं खोपी बघितली नाही, पाणी बघितलं नाही. सरांना पहिलं विचारलं, "आखाडा कोनाचा हाय?" सरांनी मालकाचं आडनाव सांगितलं. मायनं बोचक्याची गाठ घट्ट केली.

संध्याकाळी सर बाकीच्या पाहुण्यांना घेऊन करकोचे बघायला काठाला गेले. मला जायचं होतं, पण माय खोपीच्या दारात बसून राहिली, म्हणून मीही राहिले आणि मनातल्या मनात धुसफुसत हरभऱ्याचे घाटे सोलून खात बसले. करकोचे तिकडं कर्रकर्र करत उतरत होते, माझ्या वाट्याला नुसता आवाज.

एवढ्यात तुरीच्या अंगानं टिटवी ओरडली. थांबली, आणि पुन्हा ओरडली. लोक टिटवीला अशुभ म्हणतात. मायचं उलटं. त्या तीन रात्री तिनं टिटवीवरच काढल्या होत्या: टिटवी गप्प तर वाटेला कुणी नाही, ओरडली की माणूस.

"कोनतरी यायलंय," माय म्हणाली. बोचकं काखेत, दुसऱ्या हातात माझं मनगट. मी अठ्ठावीस वर्षांची बाई, पण तिच्या मागं मुकाट चालू लागले. लाजही वाटत होती आणि खरं सांगते, भीतीही. शेजारच्या जवारीच्या पहिल्या ओळीत शिरलो आणि खाली बसलो.

पायवाटेनं एक म्हातारी आली. डोक्यावर वाकळ, हातात तांब्या. खोपीपाशी थांबली, आत वाकून बघितलं आणि ओरडली, "अवं बाई! कुठं गेलात? दूध आणलंय!"

मालकाची आई होती ती. खोपीत दोन बायकाच आहेत म्हणून सोबतीला निजायला आलेली. आम्ही जवारीतून बाहेर निघालो, लुगड्याला काड्या चिकटलेल्या. म्हातारीनं आमच्याकडं बघितलं, पण तिथं काय करत होता हे विचारलं नाही. आमचा दुसराच काही कार्यक्रम असेल असं तिला वाटलं असावं.

माय मात्र सरळ बोलली. "आमी बौद्ध हाओत. अगुदर सांगते, मागून म्हनू नका."

"ठाव हाय की. मास्तर बोल्लेत," म्हातारी म्हणाली. "आदी आत चला, वारं लय सुटलंय. मला खोकला हाय."

थोर काही बोलली नाही ती. आत येऊन वाकळ अंथरली, दूध ओतलं, आणि तिचे गुडघे, तिची सून, तिची व्यायला आलेली म्हैस, सगळं मायला ऐकवायला लागली. मायनंही आपल्या गुडघ्यांचं काढलं. बोलता बोलता मध्येच बोचकं सोडून आतलं लुगडं म्हातारीच्या गळ्याला गुंडाळलं, खोकला थांबेना म्हणून. तेवढ्यात माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खोपीत ऊन आलं होतं. म्हातारी धार काढायला गेलेली, कवाड सताड उघडं. आणि त्या उघड्या कवाडासमोर माय उताणी पडून घोरत होती. हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. मी तिच्याकडं बघत किती वेळ बसले कोण जाणे. छातीवरून पंधरा वर्षांचं ओझं कुणीतरी उतरवलं असं वाटलं. मी रडले, आणि तिला जाग येऊ नये म्हणून बाहेर जाऊन रडले. काठावर करकोचे होते म्हणे. मला काही दिसले नाहीत.

त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं निघालो. गाडी जिंतूरच्या रस्त्याला लागली आणि माझं लक्ष मायच्या मांडीकडं गेलं. मांडी रिकामी होती.

"माय, बोचकं!" मी उठले. कंडक्टरला हाक मारणार, तोच तिनं माझा पदर धरून मला खाली ओढलं.

"बस खाली. ऱ्हायलं खोपीत."

"अगं, माझी सगळी सर्टिफिकेटं आहेत त्यात!"

"हायती तर हायती. म्हातारी हाय तिथं. कोन नेतंय?"

आणि खिडकीला डोकं टेकून तिनं डोळे मिटले. मी मात्र सर्टिफिकेटांच्या काळजीनं परभणीपर्यंत टक्क जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे कुटके करायला शिळी भाकरीच नव्हती. मायनं मुरमुरे भिजवून फोडणीला टाकले.