ओढ्यापर्यंतची शीव

गहिनीनाथ मास्तर सावरटाकळीच्या शाळेवर रुजू झाले, त्या दिवशी चावडीसमोर त्यांच्याभोवती बरीच माणसं जमली होती. मास्तरांनी आपण धारूरचे असल्याचं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या एका उंच माणसानं तेवढं विचारलं, "कशावरून?"

मास्तरांनी नेमणुकीचा उर्दू कागद काढून दाखवला. त्या माणसानं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"कागद हाय," तो म्हणाला. "पर त्यात काय लिव्हलंय, ते बी तुमीच सांगनार."

हा आश्रुबा. आठ एकरांचा कुणबी, दोन बैल, एक गाय. तो भांडखोर नव्हता. चकलांब्याला पाऊस झाला असं कुणी म्हटलं, तर कुणी पाहिला, हे विचारायचा आणि उत्तर मिळालं नाही तर नांगर जुंपायचा. पाहिलं ते पाहिलं आणि ऐकलं ते ऐकलं म्हणून सांगायचा. बायको रुक्मिणीबाई सांगायच्या, लग्नात भटजींनी मुहूर्त टळत चालल्याचं म्हटलं, तेव्हा नवरदेवानं सावली मोजायला काठी मागितली होती.

अशा माणसाचा गावाला एकदा उपयोग झाला. पुरानं सावरटाकळी आणि भेंडवाडी यांच्यामधले शिवेचे दगड वाहून गेले. मध्ये गायरान, त्यात एक पावसाळी ओढा आणि ओढ्यापलीकडं झरा. उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या जनावरांना प्यायला तेवढंच पाणी. तहसीलदारांनी निरोप पाठवला, की पंच ठरवतील ते लिहून आणा. मग जुनी रीत निघाली. एका माणसानं त्याच जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घेऊन चालायचं. तो जाईल ती शीव. खोटा चालला, तर वर्षाच्या आत त्याचं घर बसतं, असा समज होता.

दोन्ही गावांनी आश्रुबाचंच नाव घेतलं. तो खोटं बोलत नाही, म्हणून झरा आपलाच निघणार, अशी सावरटाकळीची खात्री होती. तो आपला जावई आणि वर खोटं बोलत नाही, अशी भेंडवाडीची. त्याला शीव ठाऊक आहे का, हे कुणी विचारलं नाही.

आठवडाभर आश्रुबा एकटाच गायरानात कुदळ घेऊन हिंडत होता. शिवेच्या दगडाखाली पूर्वी कोळसा पुरायचे. तीन ठिकाणी त्याला कोळसा लागला, ओढ्याच्या पलीकडं लागला नाही. पाचव्या दिवशी तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. त्याला धीर यावा म्हणून मास्तरांनी एका फिरंगी तत्त्ववेत्त्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी हैदराबादच्या तपासनिसांकडून ऐकली होती. त्या गृहस्थानं ठरवलं, की ज्यावर तसूभरही शंका घेता येते, ते सगळं बाजूला काढायचं. डोळे फसवतात, म्हणून पाहिलेलंही. स्वप्न खरंच वाटतं, म्हणून जागेपणही.

"बायको काय म्हनली त्याची?"

"लग्न केलं नव्हतं."

"तरीच," आश्रुबा म्हणाला. "मंग ऱ्हायलं काय?"

मास्तरांनी सांगितलं, शंका घेणारा कुणीतरी आहे, एवढंच राहिलं. ते मात्र हलेना. मग त्यावर पाय रोवून त्यानं पुढचं एकेक पाऊल पक्कं करत टाकलं.

"म्हंजी पक्कं हाय तितवर चालायचं," आश्रुबा म्हणाला आणि उठून गेला. आपण धीर दिला की काढून घेतला, हे मास्तरांना समजलं नाही.

ठरल्या दिवशी तो आंघोळ करून ओल्या धोतरानं निघाला. डोक्यावर ढेकूळ, मागे दोन्ही गावं. तो बाभळीच्या अंगानं सरळ ओढ्यापर्यंत गेला आणि थांबला. झरा तिथून दोनशे पावलांवर होता.

"कावून थांबलास?" सावरटाकळीचे रामकिसन पाटील म्हणाले.

"आज्यानं मला हितपतोर दावलं व्हतं. कोळसा बी हितपतोर हाय. पुढचं मला ठाव न्हाई."

"आरं, साऱ्या गावाला ठाव हाय."

"मंग घ्या," आश्रुबा म्हणाला आणि ढेकूळ उतरवून पाटलांपुढं धरलं.

पाटलांनी मागे पाहिलं. मागच्यांनी त्यांच्या मागे पाहिलं. भेंडवाडीच्या लोकांना एकाएकी ऊन जाणवू लागलं. "तुझा आजा पुढं कावून गेला न्हाई?" पाटलांनी विचारलं. आज्याला धाप लागली होती, असं आश्रुबानं सांगितलं.

ते ढेकूळ कुणीच घेतलं नाही. पंचांनी ओढ्यापर्यंतची शीव लिहिली आणि खाली लिहिलं, 'पुढील माहीत नाही.' तहसिलीत मुन्शीनं विचारलं, की असं कसं लिहावं. मास्तरांनी ते वाक्य उर्दूत करून दिलं आणि तहसीलदारांनी शिक्का मारला. झरा कुणाचाच ठरला नाही, तेव्हा दोन्ही गावांनी एक दिवसाआड पाळी बांधली. पाळी कुणाची, यावर पहिल्याच आठवड्यात काठ्या निघाल्या. मग पाळी सांगायला कुणीतरी हवा झाला.

रामकिसन पाटलांनी पुढं आश्रुबाला कुठल्याच पंचायतीला बोलावलं नाही. भेंडवाडीच्या मेव्हण्यानं दोन वर्षं अबोला धरला. रुक्मिणीबाईंनी धरला नाही. त्यांच्या मते आज्याला धाप खरंच लागायची.

आता आश्रुबाची साठी उलटली आहे. फाल्गुनापासून मृग लागेपर्यंत तो रोज झऱ्यावर बसतो, आज कोणत्या गावाची पाळी ते सांगतो आणि त्याबद्दल त्याला दोन्ही गावांकडून वर्षाला एकेक पायली ज्वारी मिळते.