वेणीताईंचे कोरे केस

वेणीताईंना प्रयोगशाळेत खऱ्या नावाने ओळखत असे ते फक्त पगारपत्रक. बाकी सगळ्यांना त्या वेणीताई. वेणी कमरेखाली उतरलेली, दाट आणि काळीभोर. पन्नाशीतल्या बाईने असे केस राखणं म्हणजे बाकीच्यांना उगाच खिजवणं आहे, असं शेजारच्या टेबलावरच्या टकलूचं मत होतं. त्याला सगळे टकलू का म्हणत, हे सांगायला नकोच.

लोकांच्या केसांत नशेची द्रव्यं शोधायची, हे दोघांचं काम. रक्तातून नशा दोन-चार दिवसांत पसार होते, केसात मात्र ठाण मांडून बसते. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, त्यामुळे कुठल्या महिन्यात काय पोटात गेलं तेही कळतं. केस धुवायचे, बारीक करायचे, अर्क काढायचा आणि तो मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राला पाजायचा. यंत्र रेणूंचे तुकडे करून त्यांचं वजन सांगतं. पडद्यावर सपाट रेघ आली तर माणूस सुटला, उंचवटा आला तर तो कशाचा ते हुडकायचं.

पण यंत्राचा तरी भरवसा काय? म्हणून प्रत्येक फेरीत आधी कोरा नमुना घालतात, म्हणजे ज्यात काहीही नाही अशी खात्री असलेले केस. असे केस द्यायचे कुणी? टकलूचा प्रश्नच नव्हता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना रक्तदाबाच्या गोळ्या. उरल्या वेणीताई. डोकं दुखलं तर गोळी न घेता कपाळावर ओला रुमाल ठेवणाऱ्या. अधूनमधून त्यांच्या डोक्यामागून, अगदी कातडीलगत एक बट कापून बरणीत जायची. वेणीच्या आत किती भगदाडं पडली होती, हे एक त्यांना ठाऊक आणि एक कात्रीला. पण वेणीताईंना त्याचा अभिमान होता. कुणी चारित्र्याचा दाखला मागितला असता तर त्यांनी ती बरणीच पुढे केली असती.

त्या सकाळी टकलूने नुकत्याच भरलेल्या नव्या बरणीतला कोरा नमुना लावला आणि सपाट रेघेच्या मधोमध एक उंचवटा उभा राहिला.

टकलूने यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नळ्या धुतल्या, द्रावण बदललं, पुन्हा लावलं. उंचवटा जागेवर. मग त्याने मागच्या वर्षीची बरणी काढली, तेही वेणीताईंचेच केस. रेघ सपाट. नव्या बरणीवर पुन्हा उंचवटा.

“ताई, यंत्र ठीक आहे,” तो म्हणाला. “तुम्ही काय खाता हल्ली?”

तो चेष्टेत म्हणाला होता. वेणीताई हसल्याही.

पण टकलू जेवायला गेल्यावर त्यांनी आपल्याच डोक्यामागची बट कापली आणि सेंटीमीटर-सेंटीमीटरचे तुकडे करून यंत्राला दिली. टोकाकडच्या तुकड्यांत काही नव्हतं. कातडीलगतच्या चार तुकड्यांत उंचवटे, आणि डोक्याच्या जितकं जवळ यावं तितके मोठे. म्हणजे चार महिने.

चार महिन्यांपूर्वी त्यांची झोप उडाली होती. गोळीला हात लावायचा नाही, हा बाणा. मग दुकानातून जडीबुटीची एक पूड आणली. पुडीवर हिरवंगार पान छापलेलं, खाली ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’. जन्मभर लोकांच्या केसांवर संशय घेणाऱ्या या बाईने त्या पानावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवला. पानाला कोण घाबरतं? पहिल्याच रात्री त्या दगडासारख्या झोपल्या.

आणि गुण आला म्हणून त्यातली अर्धी पूड त्यांनी मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत भरून धाकट्या बहिणीला दिली होती. धाकटीला सातवा महिना. तिलाही झोप येत नव्हती.

अशा पुड्यांच्या धंद्यातली लबाडी वेणीताईंना पुरती ठाऊक होती. बंदी असलेलं औषध घ्यायचं, त्याच्या रेणूची एखादी शेपटी बदलायची, की कायद्याच्या यादीत ते सापडत नाही. पोटातल्या बाळाला मात्र यादी वाचता येत नाही.

धाकटीला तत्काळ फोन करावा, तर सांगायचं काय? ‘बंद कर’ म्हणावं, तर अशी काही द्रव्यं एकदम सोडणंही जिवावर बेततं. ‘चालू ठेव’ तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं? आधी ती पूड तपासणं भाग होतं. आणि नोंद केल्याशिवाय यंत्रात काही घालायचं नाही, हा नियम त्यांनीच टकलूला ओरडून ओरडून शिकवला होता, आणि आत्ताच स्वतः मोडलाही होता. म्हणजे मॅडमना सांगणं आलं.

मॅडमसमोर त्या सगळं बोलल्या. कोरा केस कोरा राहिला नाही, नव्या बरणीवर आता एकही अहवाल बेतता येणार नाही, आपली नोकरी गेली तरी चालेल, असं सगळं एका दमात. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

“पूड घेऊन या,” त्या म्हणाल्या. “आणि बहिणीला इथे बोलवा.”

पुडीत निघाला झोपेच्या गोळीचा सावत्र भाऊ. चेहरा तोच, नाव बदललेलं. पाल्याचा चुरा नुसता शोभेला.

धाकटी आली ती पोट सांभाळत, घाबरीघुबरी होऊन. वेणीताईंनी एका वाक्यात सांगितलं. धाकटी खुर्चीत टेकली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, “ताई, मी ते घेतलंच नाही गं. जिभेला लावून बघितलं तर कडू होतं. रोज चमचाभर बेसिनमध्ये टाकायचे.”

“मी रोज विचारायचे तेव्हा हो म्हणायचीस.”

“नाही म्हटलं तर तू डोळे वटारतेस.”

आता यावर विश्वास कसा ठेवायचा? इतके दिवस ‘हो’ हे खोटं होतं, मग आजचं ‘नाही’ कशावरून खरं? की आपला पांढराफटक चेहरा बघून ही धीर देते आहे? लहानपणी ताईचा मार चुकवायला ही पोरगी डोळ्यांत पाणी आणून थापा मारायची. वेणीताईंनी कात्री उचलली, पण बहिणीचा नमुना तुम्ही नको, म्हणत टकलूने ती काढून घेतली. बट त्यानेच कापली.

मग यंत्र सुरू झालं. कोरा नमुना मागच्या वर्षीच्या बरणीतला. त्यानंतर धाकटी. पडद्यावर रेघ सरकू लागली आणि उंचवट्याच्या जागेकडे आली. वेणीताईंनी डोळे मिटून घेतले. या जागी काय दिसेल ते बघायला त्या अर्धं आयुष्य इथे बसल्या होत्या, आणि आज बघवेना.

“सपाट,” टकलू म्हणाला. “ताई, बघा तरी. सपाट आहे.”

त्यांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. दुसऱ्यांदा लावायला लावलं, तेही सपाट.

बाहेर बाकावर धाकटी बसली होती. “रागावलीस?” तिने विचारलं. खोटं बोललीस म्हणून चांगलं फैलावर घ्यावं, असा वेणीताईंचा विचार होता. पण त्या नुसत्याच तिच्या शेजारी बसून राहिल्या, तिचा हात घट्ट धरून.

आत मॅडम फोनवर औषध खात्याला दुकानाचा पत्ता सांगत होत्या. वेणीताईंना त्या दुकानातला कप्पा आठवला. हिरव्या पानाच्या पुड्यांची रांगच्या रांग होती त्यात, आणि पुढच्या खेपेला गेल्या तेव्हा तो जवळजवळ रिकामा झालेला. त्या सगळ्या पुड्या आता कुणाकुणाच्या घरात उघडल्या जात होत्या, कोण जाणे. त्या घरांतल्या धाकट्या बहिणीही आज्ञाधारक नसल्या म्हणजे मिळवली.