दाराजवळची खुर्ची

साकोलीच्या बाजारगल्लीत एक आटाचक्की आहे, तिच्या मागच्या खोलीत रत्नमाला बसते. 'समुपदेशन केंद्र' असा फलक तिनं मुद्दामच लावला नाही. फलक वाचून आत शिरणाऱ्याचं डोकं फिरलं, असं गाव त्याच दिवशी ठरवून टाकते. त्यापेक्षा चक्की बरी. येणारा माणूस गव्हाचा डबा चक्कीवाल्यापाशी ठेवतो आणि मागच्या दारानं आत जातो. आत पन्नास मिनिटं कोणी रडलं काय नि ओरडलं काय, त्या घरघरीत बाहेर काही ऐकू येत नाही. निघताना पीठ तयार. एका बाईच्या घरी तर पिठाला आळ्या पडायची वेळ आली, पण तिनं येणं सोडलं नाही.

रत्नमाला मूळची शहापूरची. आई आनंदाबाई धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, मजुरीनं जायची, बाप सेवकराम शाळेत चपराशी. गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्या साली ही बारावी झाली. पुढं नागपुरात समाजकार्य शिकली आणि दहा वर्षं दवाखान्यात कंत्राटी समुपदेशक म्हणून राबली. तिथं एका माणसाच्या वाट्याला सात मिनिटं यायची. सात मिनिटांत माणूस नाव-गाव सांगतो आणि झोप येत नाही म्हणतो. झोप कोणी नेली, ते विचारेपर्यंत पुढचा नंबर आत. म्हणून तिनं उषाबाई नावाच्या म्हाताऱ्या शिक्षिकेकडे तीन वर्षं दर शनिवारी एसटीनं नागपूरला जाऊन हे दुसरं काम शिकून घेतलं. जुना घाव माणसाच्या आजच्या वागण्यात दडून बसतो. तो उकरायचा नाही, त्याच्या चालीनं वर येऊ द्यायचा. नातेवाईक हसले. बोलाचं शिकाले नागपूरले कायले जातं, मामीपाशी दोन दिस बस, म्हणाले.

एकोडीच्या परसरामला तिच्याकडे बायकोनं, सत्यभामाबाईनं, रेटून पाठवला. पंचावन्नचा धानवाला गडी, हाडापेरानं मजबूत. चार वर्षांमागं पोरीच्या, भावनाच्या, लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी तो सभागृहातून पळाला. तुमसरच्या बसस्टँडवर घामानं निथळत बसलेला सापडला. वऱ्हाड म्हणालं, पोरीचा बाप पिऊन होता. परसरामनं जन्मात दारू चाखली नव्हती. पण आपण काहून पळालो हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, तर सांगणार काय? भावना बपेऱ्याला नांदत होती आणि त्या दिवसापासून माहेरची पायरी चढली नव्हती. तिनं एकदा घरी यावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

पहिल्याच दिवशी रत्नमालाच्या हातून चूक झाली, आणि ती झाली चांगल्या वळणापायी. आपल्याकडे पाहुण्याला दाराशी बसवत नाहीत. त्याला आतली जागा, पंख्याखालची. तिनं परसरामला भिंतीकडच्या चांगल्या खुर्चीवर बसवलं, बाहेरच्यांनी ऐकू नये म्हणून दार लावून घेतलं आणि स्वतः दाराकडे पाठ करून समोर बसली. तो हो-नाही करत पाच मिनिटं टिकला. मग तिचा गुडघा ओलांडून असा निघाला की चपला तिथंच राहिल्या. गव्हाचा डबाही चक्कीवर तसाच.

दुसरी असती तर म्हणाली असती, माणसाला बरंच व्हायचं नाही. रत्नमालानं त्या दिवशी जेवायच्या सुटीत दार लावलं आणि त्याच खुर्चीवर स्वतः अर्धा तास बसून पाहिलं. बाहेर जायचं तर समोरच्या माणसाला हलवल्याशिवाय वाट नव्हती. शनिवारी ती अजूनही उषाबाईंकडे जायची. त्यांनी विचारलं, काय उमगलं? ही म्हणाली, मी त्याला मान दिला आणि वाट काढून घेतली.

चपला पोचवायला ती एकोडीला जाऊ शकत होती. तिची आत्या त्याच गल्लीत राहते. पण रत्नमाला कोणाच्या दारात चपला घेऊन उभी राहिली, तर संध्याकाळपर्यंत सगळं गाव जोडून घेणार. तिनं फक्त सत्यभामाबाईला फोन केला, चपला इथं आहेत, त्यांना जमेल तेव्हा न्यायला सांगा.

पुढच्या मंगळवारी तो अनवाणी आला. खोलीचं दार उघडं होतं, खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

"कुठं बसाचं, ते तुमीच ठरवा," ती म्हणाली.

त्यानं खुर्ची ओढून दाराजवळ ठेवली. एक पाय उंबऱ्याच्या बाहेर, एक आत.

"असं बसलं तं चालते?"

"तुमाले चालते तं मले बी चालते."

पुढचे चार मंगळवार तो धानावर बोलला. शेताच्या कोणत्या बांधीत पाणी ठरते, कोणतं वाण वाऱ्यानं पडते, तुडतुड्यावर काय मारावं. रत्नमालानं सगळं ऐकून घेतलं. लग्नाचा विषय तिनं काढला नाही, त्यानंही नाही. सत्यभामाबाईनं फोनवर टोमणा हाणला, "आमचे बुवा तुमाले शेती शिकवून राहिले काय?" शिकते आहे, असं रत्नमाला म्हणाली, आणि ते खरंही होतं.

पाचव्या मंगळवारी हायवेवर ट्रक आडवा झाला आणि ती वीस मिनिटं उशिरा पोचली. परसराम बंद दाराबाहेर उभा होता. शांत गडी, पण चेहरा काळाठिक्कर. आत शिरताच त्यानं आवाज चढवला.

"तुमी बी इसरले मले."

ट्रकाचं कारण तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. कोणीही तेच सांगितलं असतं, आणि समोरचा गप बसला असता. तिनं ते गिळलं.

"हो, उभं राहावं लागलं तुमाले," ती म्हणाली. "अजून कोन इसरलं होतं?"

तो आपल्या दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मग त्यानं सांगायला घेतलं, तुटक, जमिनीकडं पाहत. आठ वर्षांचा होता. गुरं राखताना डोळा लागला आणि गुरं दुसऱ्याच्या धानात शिरली. आई माहेरी गेलेली. बापानं त्याला धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत उतरवलं. उंच, शेणानं लिंपलेली बांबूची ढोली. वर झाकण, झाकणावर दगडी पाटा. तासाभरानं काढीन म्हणाला आणि गेला गावच्या मंडईला. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्राच, पाहुणेरावळे, उजाडेपर्यंत दंडार, नाचगाण्याचं नाटक. बाप दंडारीत रमला आणि पोराला विसरला. पोराला आतून ढोलकी ऐकू येत होती, हसणारी माणसं ऐकू येत होती, त्याचं ओरडणं मात्र कोणाला नाही.

"बाप वाईट नोहोता," परसराम म्हणाला. "इसरला फक्त."

रत्नमालानं बापाला दोषही दिला नाही आणि माफही केलं नाही. लग्नाच्या सभागृहात त्या वेळी काय काय होतं, एवढंच विचारलं. त्यानं आठवून आठवून सांगितलं. गर्दी होती, बँड होता. आणि व्हिडिओवाल्यानं फोटोत उजेड येते म्हणून समोरच्या दाराचं शटर खाली ओढलं. शटर म्हणताना तो थांबला. डोळे मोठे झाले, दाराकडं गेले, परत आले. त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला.

पुढं दोन महिने ते दोघं बोलता बोलता त्या ढोलीपाशी परत परत गेले, थोडं थोडं, त्याला झेपेल तेवढं. मग एक दिवस तो म्हणाला, ताई, तुमी चाला बपेऱ्याले. तुमाले नीट सांगता येते, पोरगी तुमचं ऐकंल. रत्नमालाला मोह झाला नाही असं नाही. पण ती नाही म्हणाली. त्याची गोष्ट तिनं सांगितली असती, तर तो पुन्हा मुकाच राहिला असता. परसराम रागावून गेला. त्यानंतरच्या मंगळवारी आला तेव्हा बपेऱ्याला जाऊन आलेला होता.

अंगणात उभ्यानंच सांगितलं, म्हणाला. भावना सूप हातात धरून ऐकत राहिली. सासू दारात होती, तिनंही ऐकलं.

"मंग लग्नात तुमी पेले नोहोते, बाबा?"

"नाही."

"सांगाचं ना मंग. चार वर्स सासूचं ऐकून घेतलं मी."

"मलेच मालूम नोहोतं, बाई."

भावनानं सूप खाली ठेवलं. आत जाऊन चहा केला. येईन म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. परसरामला ते अपुरं वाटलं. रत्नमालानं त्याची खोटी समजूत घातली नाही.

रोवणे उरकल्यावर एका मंगळवारी सकाळी तिला सत्यभामाबाईचा फोन आला. बुवा आज येत नाहीत. पोरगी काल संध्याकाळी आली, आठ दिवस राहाचं म्हणते, आणि बुवा तिच्यासाठी मासोळी पाहाले तलावावर गेले.

बरं, म्हणून रत्नमालानं फोन ठेवला. त्याची ऐन जेवणाच्या तोंडची वेळ तिनं दुसऱ्या कोणाला दिली नाही, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मंगळवारी वेळेवर जेवली.