नाल्यावरची रेघ

प्रभागांच्या नव्या सीमांचा नकाशा पालिकेच्या व्हरांड्यात लावला होता, म्हणून पाहायला थांबलो. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी एक बोट आपल्या चाळीवर ठेवलं होतं आणि दुसरं नाल्यापलीकडच्या वस्तीवर. दोन्ही बोटांच्या मधून लाल रेघ गेली होती.

"पलीकडे माझी सुमन राहते. पाणी आलं नाही की आम्ही दोघी मिळून नगरसेवकाकडे जातो. आता ती कुणाकडे जाणार आणि मी कुणाकडे?"

"काकू, हद्द नाल्यावरून किंवा मोठ्या रस्त्यावरूनच न्यायची, असा नियम आहे," टेबलामागचा कर्मचारी समजुतीनं म्हणाला. "नाहीतर जो तो आपल्या सोयीची रेघ ओढेल."

"अहो, पण नाल्यावर जायला-यायला साकव आहे की!"

नियम रास्तच होता. पण नकाशा वरून पाहून काढतात आणि साकव पायांनाच ठाऊक असतो. काकू हरकत लिहायला बसल्या.

"तुमची काही हरकत?" त्यानं मला विचारलं.

मी नकाशात माझी इमारत शोधली. मनातल्या मनात ती रेघ इकडून नेली, तिकडून नेली, अगदी माझ्या जिन्यावरूनही नेऊन पाहिली. कुठूनही नेली तरी माझं कुणीच पलीकडे जात नव्हतं.