मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या भागातल्या ड्रायव्हिंग मास्तरांना पन्नाशीतही मनापासून वाटतं की गाडी फक्त त्यांनाच चालवता येते. लहानपणी त्यांनी खिळा ठोकायला घेतला की वडील हातोडी ओढून घ्यायचे. "दे इकडे, तुला जमायचं नाही." मास्तर मोठे झाले आणि स्वतःच दुसऱ्यांच्या हातातलं ओढून घ्यायला लागले.

शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याचा पाय हलण्याआधी ते तो दाबतात आणि वर ऐकवतात, "मी होतो म्हणून वाचलात."

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना शाळेच्या व्हॅनवर ड्रायव्हरची नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत लायसन्स हवं होतं. त्या दोनदा नापास झाल्या होत्या, कारण परीक्षेत मास्तरांचा पाय नसतो. रविवारी मी मास्तरांशी भांडायच्या तयारीने मागे बसले, पण बाईच बोलल्या, "मास्तर, आज मांडी घालून बसा."

"आणि गाडी ठोकलीत तर?"

"तर नोकरी माझी जाईल. तुमचं काय जातंय? घाला मांडी."

मास्तर तासभर इंजेक्शनची वाट बघितल्यासारखे बसले. गाडी कुठेच धडकली नाही, याचं त्यांना वाईट वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

सोमवारी बाई पास झाल्या. आम्ही सांगायला मास्तरांच्या घरी गेलो, तर ऐकून मास्तर आधी आत वडिलांकडे वळले. "बाबा, पास झाल्या हो. मी शिकवलं."

म्हाताऱ्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "परीक्षा सोपी असेल."

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी चपला काढल्या, आत गेल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, अवघड होती."