बटणांखालच्या अक्षता

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की वडिलांनी हौसेनं आणलेला, टीव्हीला जोडायचा, कीबोर्डातच सगळा मावलेला तो जुना कॉम्प्युटर आठवतो. पहिल्याच वर्षी त्यांनी विळ्या-कोयत्यांशेजारी त्याचीही पूजा मांडली आणि बटणांवर हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या. दुसऱ्या दिवशी बटणं दबेनात. "हात कुणी लावलाता?" म्हणत ते आधी माझ्याकडं, मग सणाला आलेल्या मामाकडं रोखून बघत राहिले. उचगावच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटर उलटा करून झटकला, तसे कुंकवानं लाल झालेले तांदूळ टपटप पडले. वडिलांनी एक दाणा उचलून उजेडात निरखला. म्हणाले, "ह्यो तांदूळ आपल्या घरातला न्हाय." यंदा मी लॅपटॉपची पूजा झाकण बंद करूनच केली, तरी ते शेजारी उभं राहून माझ्या हातातल्या अक्षतांवर नजर ठेवून होते.